लंप, बंप, हंप, प्लंप... यूएमपीवाले सगळे शब्द गोलमटोलच का?

सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी, मुलगी दुसरीत आहे, सेमी इंग्लिश. दर शनिवारी बाईंचा ग्रुपवर होमवर्कचा मेसेज पडतो, या वेळेस आलाय "राइमिंग वर्ड्स, एंडिंग यूएमपी, दहा शब्द अर्थासह." शब्द काय, गुगलवर चुटकीसरशी मिळाले, लंप बंप डंप हंप जंप पंप रंप स्टंप क्लंप प्लंप. पोरगी आता घरभर उड्या मारत गाणं म्हटल्यासारखं म्हणत फिरतीय, सासूबाईंना पण पाठ झालं. पण अर्थ विचारला की गाडी अडते आणि खरं सांगू का, माझीपण अडते. डिक्शनरीच्या ॲपमध्ये बघितलं तर लंप ला "गोळा", क्लंप ला "पुंजका, गोळा", हंप ला "उंचवटा", बंप ला परत "उंचवटा". आता दोन्हीला उंचवटाच लिहून दिलं तर बाई म्हणणार कॉपी केली.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे या शब्दांत नेमका फरक काय, सात वर्षाच्या लेकराला कळेल असा. दुसरं जरा येड्यासारखं वाटेल पण विचारतेच, हे सगळे गोलमटोल वस्तूंचेच शब्द का आहेत? टेंगूळ गोल, कुबड गोल, गुठळी गोल, गुबगुबीत माणूस पण गोलच. योगायोग आहे का काही नियम आहे? नियम असला तर लक्षात ठेवायला बरं पडेल की.

क्लासवाली_काकू

ताई, येडा बिडा काही नाही, माझ्या क्लासमध्ये दहावीची मुलं पण हे विचारत नाहीत. आधी फरक सांगते मग दुसऱ्याचं बघू.

लंप म्हणजे गुठळी. पिठलं करताना बेसन आधी नीट कालवून घेतलं नाही आणि थेट कढईत सोडलं की ज्या राहतात त्या. लंप ला ठरावीक आकार नसतो, वेडावाकडा कसाही, पण एका जागी घट्ट झालेला गोळा. घशात आवंढा येतो ना रडू दाबताना, त्यालाही इंग्रजीत घशातला लंपच म्हणतात.

बंप म्हणजे सपाट जागेवर वर आलेलं काहीतरी, आणि त्यात आपटणं असतंच. कपाटाचं दार उघडं राहिलं, डोकं आपटलं, टेंगूळ आलं, तर ते आपटणंही बंप आणि ते टेंगूळही बंप. म्हणून रस्त्यावरचा उंचवटा बंप, कारण तिथे गाडी आपटते.

हंप मध्ये आपटणं नाही, तो जन्माचा किंवा कायमचा असतो. बैलाचं वशिंड म्हणजे हंप, पाठीचं कुबड म्हणजे हंप. पोळ्याला मातीचे बैल आणता ना घरी, त्यातला एक हातात देऊन वशिंडावर बोट ठेवायला लावा, हंप परत विसरणार नाही.

क्लंप म्हणजे एकाच जागी दाटीने असलेलं बरंच काही. बांबूचं बेट, गवताचा झुबका, कंगव्यात अडकलेला केसांचा पुंजका. लंप एकटा असतो, क्लंप म्हणजे गर्दी, एवढं सांगितलं की पुरे.

स्टंप म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत राहतो तो बुंधा, आणि क्रिकेटमधला तर तिला माहीतच असेल. प्लंप म्हणजे गुबगुबीत, बाळाचे गाल, भरलेलं वांगं. फॅट म्हटलं की माणूस चिडतो, प्लंप म्हटलं की निदान हसतो. डंप म्हणजे धाडकन ओतून मोकळं होणं, खडीचा डंपर बघितलाय ना. रंप म्हणजे जनावराचा मागचा पुठ्ठा, तो दुसरीच्या वहीत नका लिहू, वर्गात दंगा होईल, त्याच्या जागी थंप घ्या. थंप म्हणजे धपाटा, किंवा धपाटा बसल्यावर येतो तो आवाज. थंपचं प्रात्यक्षिक मात्र उशीवर दाखवा.

जंप आणि पंप राहूदेत तसेच, त्यांना मारून मुटकून गोल करायला जाऊ नका.

गोठा_क्र_१

काकू तुम्ही एक विसरला. २०२२ ला जनावरांत लम्पी आला तेव्हा आमच्या तालुक्यात इंग्रजीचा ल न येणारी माणसं पण लम्पी लम्पी करत होती. अंगभर गाठी येतात म्हणून लंपी, म्हणजे गाठी गाठी असलेलं. बैलबाजार बंद, शर्यती बंद, लसीसाठी दवाखान्यापुढं रांगा. आमच्या दोन गाई वाचल्या. आमच्या पोराला लंप चा अर्थ पुस्तकातनं शिकवावा लागला नाही, गाईच्या मानेवरनं हात फिरवताना समजला त्याला.

आणि मम्प्स पण त्यातलाच की. गालगुंड. गाल टम्म.

बिनधास्त_बोला

उगाच काहीतरी शोधायचं म्हणून शोधायचं. शुद्ध योगायोग आहे. जंप गोल आहे? पंप गोल आहे? पत्त्यातला ट्रम्प म्हणजे हुकूम, तो गोल आहे? तो तर ट्रायम्फ म्हणजे विजय या शब्दावरून आलाय. पाच शब्द जुळले की नियम आणि पाच नाही जुळले की ते अपवाद, असं करून कुठल्याही शेवटाचा नियम काढता येतो. मराठीत "आट" ने संपणारे घ्या, वाट खाट ताट पाट लाट थाट, काय नियम आहे सांगा. मुलीला दहा अर्थ पाठ करायला लावा, वहीवर टिक मिळेल, विषय संपला.

सोलापूरची_आई

काकू, खूप खूप थँक्यू, पिठल्याच्या गुठळ्या तर आमच्याकडे आठवड्यातनं एकदा असतातच त्यामुळे लंप झालाच म्हणून समजा. बिनधास्त दादा तुमचं पण पटतंय पण मग मनात येतं की योगायोग तरी इतक्यांदा कसा. आणि एक राहिलं, आमच्या हुबळीच्या मावशी पाण्याच्या जमिनीतल्या टाकीला सम्प म्हणतात, तो पण यूएमपीच का? मी लहानपणी ऐकायचे "सम्प रिकामा झाला" तर मला वाटायचं कामगार कामावर गेले.

तात्या_मास्तर

हो, सम्प पण यूएमपीच, आणि खड्डाच आहे तो, म्हणजे उलटा केलेला उंचवटा म्हणा हवं तर. पण मी लिहायला बसलो ते बिनधास्तरावांसाठी. मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवून रिटायर झालोय त्यामुळे जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

योगायोग म्हणून सोडून द्यायला हरकत नाही पण हा प्रश्न आजचा नाही. सतराव्या शतकात जॉन वॉलिस नावाचा इंग्रज होऊन गेला. गणितातलं अनंताचं आडव्या आठसारखं चिन्ह ज्याने आणलं तोच. या गृहस्थाने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्याच्या मनात हाच किडा वळवळला. त्याने दोन माळा समोर ठेवल्या. एक क्रॅश, फ्लॅश, क्लॅश, लॅश, स्लॅश यांची आणि दुसरी क्रश, रश, गश, फ्लश, ब्लश, हश यांची. म्हणाला की ॲशवाल्या शब्दांत गोष्ट झटकन आणि तीक्ष्णपणे होते, अशवाल्यांत तीच गोष्ट दबलेली, बोथट होते. आता क्रॅश आणि क्रश शेजारी ठेवून बघा. क्रॅशमध्ये काच फुटते, आवाज होतो, लोक धावत येतात. क्रशमध्ये ऊस चरकात जातो. लॅश म्हणजे आसूड ओढणे, फ्लॅश म्हणजे लखकन चमकणे, आणि हश म्हणजे गप्प बसवणे, ब्लश म्हणजे गाल हळूहळू लाल होणे. फरक एका स्वराचा.

पुढे १९३० मध्ये फर्थ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने या प्रकाराला फोनेस्थीम असं नाव दिलं. हा फर्थ त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्रोफेसर होता, म्हणजे कानावर पंजाबी हिंदुस्थानी पडत असणारच. फोनेस्थीम म्हणजे काय तर शब्दाचा असा तुकडा ज्याला स्वतःचा अर्थ नाही पण तो ज्या ज्या शब्दात येतो तिथे एक छटा सोडून जातो. यूएमपी हा तसाच. अंप चा अर्थ डिक्शनरीत मिळणार नाही, पण जड, फुगीर, बोजड अशी छटा लंप, हंप, रंप, प्लंप, चंप या सगळ्यांत आहे. चंप म्हणजे मुळात लाकडाचा जाड तुकडा, ओंडका, आणि नंतर मठ्ठ माणूस. आपण नाही का म्हणत एखाद्याला ठोंब्या.

आता जंप, पंप आणि हुकमाचा ट्रम्प. बरोबर आहे तुमचं, ते बसत नाहीत. बसायलाच हवेत असा दावाही कोणी करत नाही. हा नियम नाही, ओढ आहे. शब्द वेगवेगळ्या वाटांनी भाषेत येतात, कोणी जर्मन बोलीतून, कोणी फ्रेंचमधून, आणि मग एकमेकांसारखे ऐकू येतात म्हणून हळूहळू एकमेकांसारखे वागायलाही लागतात. स्लंप बघा ना, म्हणजे मटकन बसणे, आता शेअर बाजार पडला तरी स्लंप. त्यातही तोच जडपणा आला.

आणि तुमचं "आट" चं उदाहरण मुद्दाम निवडलेलं आहे हो. मराठीत यमकाचा खरा खेळ तिथे नाहीच, तो अनुकरणवाचक शब्दांत आहे. जरा मोठ्याने वाचा, बडबड, गडगड, खडखड, धडधड, कडकड, फडफड, तडफड. सगळ्यांत काहीतरी आपटतंय, आदळतंय, खरखरीत आहे. आता ड काढून ळ घाला. खळखळ, झुळझुळ, सळसळ, भळभळ, घळघळ, वळवळ. सगळं वाहायला लागलं, पाणी, वारा, रक्त, अश्रू, किडे. तेच मनाच्या आत गेलं की हळहळ, तळमळ, कळवळ, आणि पोटात गेलं की मळमळ. ळ ला स्वतःचा अर्थ आहे का? नाही. पण "दगड खळखळत खाली आले" आणि "दगड गडगडत खाली आले" यातलं बरोबर कुठलं हे चौथी नापास माणूसही सांगेल. इंग्रज पोरगं लंप ऐकतं तेव्हा त्याच्या कानात हेच होतं. त्यामुळे आई, तुमच्या मुलीला हे गोलमटोल तुमच्याआधी जाणवलं असणार, विचारून बघा.

बिनधास्त_बोला

मास्तर, ळ चं पटलं, मानलं. पण हे आपल्याला नंतर बसून छान जुळवून दाखवता येतं म्हणून. बोलताना डोक्यात खरंच असं काही चालतं याला पुरावा काय? नाहीतर जीएल चं पण सांगतात, ग्लो ग्लिटर ग्लीम म्हणजे चमकणं. मग ग्लव्ह? ग्लू? हातमोजा चमकतो का?

कानडी_मावळा

पुरावा म्हणाल तर बेंजामिन बर्गन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने २००४ मध्ये बरोबर जीएल आणि एसएन वाल्या शब्दांवर प्रयोग छापलाय. लोकांना स्क्रीनवर आधी एक शब्द दाखवायचा, मग दुसरा, आणि दुसरा शब्द खरा आहे की बनवलेला ते बटण दाबून सांगायचं. ग्लिटर नंतर ग्लो आला की लोक जास्त पटकन बटण दाबायचे. नुसती अक्षरं सारखी असलेल्या किंवा नुसता अर्थ सारखा असलेल्या जोड्यांना तेवढा फायदा मिळाला नाही. म्हणजे डोक्यात कुठेतरी जोडणी आहे. ग्लव्ह चमकत नाही हे खरं, पण ग्लव्ह मुळे ग्लो विझत पण नाही ना.

एवढंच, ट्रेनमध्ये आहे.

क्लासवाली_काकू

मास्तर काय लिहिलंत! उद्याच क्लासमध्ये घेते. मला पण एक गठ्ठा सुचला, बीएलई वाला. टंबल, स्टंबल, फंबल, मंबल, ग्रंबल, रंबल, क्रंबल, जंबल. सगळेच्या सगळे गबाळे! आणि मराठी अर्थ लिहायला बसले तर बघा काय झालं, कोलांटणे, अडखळणे, चाचपडणे, पुटपुटणे, कुरकुरणे, गडगडणे, चुरा होणे, सरमिसळ. अर्धे आपले पण तसेच निघाले, पुटपुट कुरकुर गडगड. याच्यात फक्त हंबल तेवढा सज्जन, पण तो लॅटिनमधून आलेला पाहुणा आहे त्यामुळे त्याला घरच्यांची सवय नसणार.

मुलांकडून करून घ्यायला तर हे सोन्यासारखं आहे. एकाने चालताना स्टंबल व्हायचं, दुसऱ्याने खिशात किल्ली शोधत फंबल करायचं, तिसऱ्याने तोंडातल्या तोंडात मंबल, आणि चौथ्याने कोपऱ्यात बसून "मलाच का काम सांगता" असं ग्रंबल. अर्थ लिहून द्यायची गरजच नाही.

एमपीएससी_पाचवा_अटेंप्ट

मला जरा वेगळं विचारायचंय, इथेच विचारतो. आमच्या वन वर्ड सब्स्टिट्यूशनमध्ये सगळे शब्द असेच असतात. होमिसाइड, पॅट्रिसाइड, मॅट्रिसाइड, फ्रॅट्रिसाइड, रेजिसाइड, जेनोसाइड, पेस्टिसाइड. हे पण फोनेस्थीमच का? कारण सगळ्यांत मारणं आहे. मला फ्रॅट्रिसाइड आणि पॅट्रिसाइड मध्ये दरवेळी गडबड होते.

तात्या_मास्तर

नाही, हे वेगळं प्रकरण आहे आणि तुमच्यासाठी सोपं आहे. साइड हा लॅटिनमधला मारणे या अर्थाच्या शब्दावरून आलेला पक्का तुकडा. तिथे छटा वगैरे नाही, अर्थ ठोस. पुढचा भाग बदलला की मरणारा बदलतो. पॅटर म्हणजे बाप, मॅटर म्हणजे आई, फ्रॅटर म्हणजे भाऊ, रेक्स म्हणजे राजा. आपल्याच पितृ, मातृ, भ्रातृ ची लॅटिन भावंडं आहेत ती, कानाला लावून बघा, फ्रॅटर आणि भ्रातृ, परत गडबड होणार नाही. रेक्स चं राजा शी नातं पण तसंच. जेनोसाइड हा शब्द तर राफाएल लेमकिन या कायदेपंडिताने १९४४ मध्ये जुळवून तयार केला, ग्रीक अर्धा आणि लॅटिन अर्धा. अंप घेऊन असा नवा शब्द कोणी ठरवून करत नाही. प्रत्ययाने शब्द घडवता येतात, छटेचं तसं नाही, ती लागते.

आणि जपून, इनसाइड, रोडसाइड, सीसाइड मध्ये कोणी मरत नाही. स्पेलिंगमध्ये तिथे एस आहे, मारणाऱ्यात सी.

एमपीएससी_पाचवा_अटेंप्ट

सर भ्रातृ ने काम झालं. स्क्रीनशॉट मारला.

लीड्सवाला_नितू

मंडळी, सगळं वाचलं, भारी चाललंय. एक गोष्ट मात्र कोणी बोललंच नाही. राइम हे कानाचं असतं, स्पेलिंगचं नाही, आणि शाळेतल्या "एंडिंग अमुक अमुक" टाइप होमवर्कमध्ये नेमका तिथेच घोळ होतो. मास्तरांनी दिलेली ॲशची माळ घ्या. क्रॅश फ्लॅश स्मॅश ठीक, पण मुलगी स्पेलिंग बघून त्यात वॉश आणि स्क्वॉश टाकणार आणि बाई कदाचित बरोबरची खूण पण करणार. वॉश चा राइम क्रॅश शी होत नाही. डब्ल्यू किंवा क्यूयू नंतर ए आला की तो बहुतेक वेळा ऑ होतो, वॉश, वॉच, वॉन्ट, स्वॉन, स्क्वॉश, क्वॉलिटी. पुढे क किंवा ग चा आवाज आला तर मात्र ॲ टिकतो, म्हणून वॅक्स, वॅगन. हे एकदा कळलं की बऱ्याच ठिकाणी डोकं वाचतं.

तसंच अशच्या माळेत पुश आणि बुश. स्पेलिंग क्रश सारखं, उच्चार वेगळा. आणि इथून आपला तो जन्मजात प्रश्न येतो, बीयूटी बट तर पीयूटी पुट का? लहानपणी मला सांगितलं होतं की इंग्रजी भाषाच येडी आहे. ती येडी नाही, झालं असं की पूर्वी हे सगळे उ नेच बोलायचे, कट पण कुट, बट पण बुट. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा उ बदलून अ व्हायला लागला. पण प, ब, फ असे ओठांचे आवाज जिथे आधी होते तिथे बऱ्याच शब्दांत जुना उ चिकटून राहिला, पुट, पुल, पुश, बुल, बुश, फुल. सगळीकडे नाही राहिला, पल्स आहेच, आणि बट सुद्धा ब नेच सुरू होऊन बदलला, त्यामुळे याचा पण नियम करू नका, नाहीतर बिनधास्त भाऊ परत येतील.

मजा म्हणजे हा बदल उत्तरेत पोचलाच नाही. मी लीड्समध्ये राहतो, इथली जुनी माणसं बसला अजून बुस म्हणतात, कपला कुप, लव्ह ला लुव्ह. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या आजी मला बघितलं की "बुटर, लुव्ह?" असं विचारतात, म्हणजे पावाला लोणी लावू का रे बाळा. त्यांच्या तोंडी पुट आणि बट यांचा झकास राइम होतो. लंडनवाल्याच्या तोंडी नाही होत. मग होमवर्क तपासणाऱ्याने कुणाचं ऐकायचं? आपल्याकडे पण आहेच की, "पाणी" आणि "कहाणी" चं यमक आणि "पानी" म्हणणाऱ्याच्या तोंडी "कहानी".

बिनधास्त_बोला

परत आलो. नितूशेठ हे पुट बटचं मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर इंग्रजीत मी पास झालो असतो. आता ओयूजीएच चं पण सांगून टाका एकदाचं. त्याने माझं आयुष्य नासवलंय.

लीड्सवाला_नितू

हा हा. ते थोडक्यात सांगतो कारण लंचब्रेक संपत आलाय. त्या जीएच चा एकेकाळी खरंच उच्चार होता, घशातून घासून काढलेला, आपल्या ख च्या जवळचा. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेली, आणि नेमका त्याच दोनतीनशे वर्षांत उच्चार वाट्टेल तिकडे पळाले. तो घशातला आवाज काही शब्दांत गळून गेला, काहींत त्याचा फ झाला. म्हणून थ्रू, दो, डो, बाऊ एका बाजूला आणि टफ, रफ, इनफ, कॉफ दुसऱ्या बाजूला. अक्षरं तीच राहिली. टफ रफ इनफ यांचा एकमेकांशी राइम होतो, कॉफ त्यात बसत नाही. आपण मराठी लोक त्याला सर्रास कफ म्हणतो कारण कफ हा आपला जुनाच शब्द आहे आणि तो होतो पण खोकल्यातच, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

दुसरीच्या मुलीला यातलं काहीही शिकवू नका प्लीज. यूएमपी छान आहे, त्यात स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही इमानदारीने एकत्र चालतात. एकही फितूर नाही.

गोठा_क्र_१

आमच्या पोराच्या वर्कबुकात "मंथ" ला राइमिंग वर्ड विचारलाय. सकाळपासनं बसलोय. कुंथ लिहू का?

क्लासवाली_काकू

😂😂 लिहू नका! मंथ ला रोजच्या इंग्रजीत राइमच नाही. ऑरेंज, सिल्व्हर, पर्पल यांचं पण तेच, शोधून शोधून कुठलातरी डोंगर नाहीतर घोड्याच्या खोगिराचा भाग निघतो. वर्कबुक छापणाऱ्याने उत्तर स्वतः लिहून बघितलं नसणार. जागा रिकामी सोडून बाईंना विचारा.

सोलापूरची_आई

अपडेट देते. मास्तर म्हणाले म्हणून मुलीला काही न सांगता नुसतं विचारलं, कागदावर एक टोकदार चांदणी काढली आणि एक ढगासारखा गोळा काढला, आणि म्हटलं यातला एक "किटीक" आणि एक "गलंप", दोन्ही शब्द मीच बनवले. तिने क्षणभर पण विचार न करता ढगावर बोट ठेवलं, म्हणे हा गलंप. सासूबाईंना विचारलं, ज्यांना एबीसीडी येत नाही, त्यांनी पण तेच सांगितलं आणि वर म्हणाल्या "किटीक कसा गुबगुबीत असेल गं, टोचतंय ते." मिस्टर म्हणाले दोन्ही सारखेच. त्यांचं सोडा.

वहीत आता लंप ला गुठळी, बंप ला टेंगूळ, हंप ला वशिंड, क्लंप ला झुबका, स्टंप ला बुंधा, प्लंप ला गुबगुबीत, थंप ला धपाटा, डंप ला ओतून टाकणे असं लिहिलंय, जंप पंप मिळून दहा झाले. वशिंड शब्द तिलाच माहीत नव्हता तो पण या निमित्ताने शिकली. पुढच्या शनिवारी एपी चं येणारे असं वाटतंय, मागच्या वर्षीच्या मुलांच्या आया सांगत होत्या. टॅप, क्लॅप, स्लॅप, स्नॅप. त्यात पण काही असतं का?

तात्या_मास्तर

गलंप! हा प्रयोग लोकांनी खरंच केलेला आहे बरं का. १९२९ मध्ये वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने असेच दोन आकार आणि दोन बनावट शब्द घेऊन हेच विचारलं होतं, टोकदार कुठला आणि गोल कुठला. तुमच्या सासूबाईंनी दिलं तसंच उत्तर बहुतेक लोक देतात, वेगवेगळ्या भाषा बोलणारेही. तुमचे मिस्टर त्या उरलेल्यांत.

आणि एपी मध्ये असतं तर. टॅप, क्लॅप, स्लॅप, स्नॅप, रॅप, झॅप. तोंडाने म्हणून बघा, शेवटी ओठ मिटतात आणि आवाज जागच्या जागी तुटतो. अर्थ पण तसेच, एकदाच होऊन संपणारे, टिचकी, टाळी, चपराक, काटकी मोडणे, दारावरची टकटक. उलट क्रॅश, स्प्लॅश म्हणताना श लांबतो आणि आवाजही मागे रेंगाळतो, पाणी उडाल्यावर शिंतोडे पडत राहतात तसा. मराठीत हेच काम पट, झट, चट, टप, धप करतात. चपराक चटकन बसते, पाऊस मात्र टपटप पडतो, कारण एकदा टप पुरत नाही म्हणून आपण दोनदा म्हणतो.

मॅप, कॅप आणि नॅप तेवढे वेगळ्या पाटावर बसवा. आणि रॅप लिहिताना आधी डब्ल्यू लावायचा का नाही हे बाईंकडून पक्कं करून घ्या, लावला तर गुंडाळणे, नाही लावला तर ठोठावणे.

बिनधास्त_बोला

गुंडाळणाऱ्या रॅप मध्ये डब्ल्यू आहे मग तुमच्या नितूशेठच्या नियमाने त्याचा रॉप का नाही झाला?

लीड्सवाला_नितू

कारण मध्ये आर आहे, डब्ल्यू ए ला चिकटलेला नाही आणि त्याचा उच्चार पण होत नाही. पण प्रश्न चांगला होता, तुम्ही आता आमच्यातले झालात.